चित्रणाची लिपी आणि संपादनातील अडचणी

आदर्श पाठ, क्षेत्रभेट, स्नेहसंमेलन इत्यादी प्रसंगांचे चित्रण करून ठेवण्याची प्रथा आता खेड्यांतील शाळांतही रूढ झाली आहे. परंतु कॅमेऱ्यातील चित्रण संगणकावर उतरवून संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊ लागताच पुष्कळदा अडचण उभी राहते. फाइल घेतलीच जात नाही, किंवा आवाज ऐकू येतो आणि चित्राच्या जागी काळा पडदा दिसतो. अशा वेळी फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकली जाते. गावातील एखाद्या वृद्ध स्त्रीने म्हटलेल्या जात्यावरील ओव्या अशा रीतीने पुसल्या गेल्या, तर त्या पुन्हा मिळतीलच असे नाही. वस्तुतः अशा बहुतेक प्रसंगी चित्रण शाबूत असते. सॉफ्टवेअरला ते वाचता येत नाही, इतकेच. न वाचता येणे आणि बिघडणे ह्यांतील भेद ओळखणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

रुमाल आणि लिपी

पुण्याच्या पेशवे दफ्तरात जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल सोडला, तरी केवळ बाळबोध जाणणारास आतील मोडी वाचता येत नाही. पण म्हणून कागद खराब झाला असे कोणी म्हणत नाही. चित्रणाच्या फाइलीचेही असेच आहे. फाइलीच्या नावाअखेरीस एमपी४, एमओव्ही, एमटीएस अशी जी अक्षरे असतात, ती केवळ रुमालाची ओळख होय. आतील चित्र व आवाज ज्या पद्धतीने लिहिलेले असतात, त्या लिपीस 'कोडेक' म्हणतात. चित्राची लिपी निराळी व आवाजाची निराळी असते. एकाच एमपी४ रुमालात २००३ साली सिद्ध झालेली एच.२६४ ही लिपी असू शकते, अथवा २०१३ साली आलेली एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, ही लिपीही असू शकते. ह्यास्तव 'काल एमपी४ चालली, मग आज का चालत नाही?' ह्या प्रश्नाचे उत्तर नावात नसून आतील लिपीत असते. फाइलीचे नाव बदलून काही साधत नाही. रुमालावरची चिठ्ठी बदलल्याने मोडीचे बाळबोध होत नाही.

संक्षेप कशासाठी?

एका चित्रचौकटीत १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात असे धरावे. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट लागल्यास एका चौकटीस ६२,२०,८०० बाइट होतात. सेकंदास २५ चौकटी घेतल्या, तर सुमारे १५५ मेगाबाइट, आणि मिनिटास ९ गिगाबाइटांहून अधिक जागा लागेल. हे कोणत्याही साध्या कार्डास झेपणारे नाही. सेकंदास २४ मेगाबिट ह्या वेगाने लिहिणारा कॅमेरा तेच काम ३ मेगाबाइटांत, म्हणजे सुमारे पन्नासाव्या हिश्शात करतो.

हे कसे साधते? शाळेच्या नोंदवहीत एकच मजकूर पुनःपुन्हा लिहिण्याऐवजी 'वरीलप्रमाणे' असे लिहितात. कॅमेराही एक चौकट पूर्ण लिहितो आणि पुढील अनेक चौकटींत केवळ काय बदलले तेवढेच नोंदवितो. पाहताना ह्याचा त्रास जाणवत नाही. संपादन करणारा मात्र मधलीच चौकट मागतो. 'वरीलप्रमाणे' ह्या ओळीचा अर्थ लावण्यासाठी संगणकास मागे जाऊन पूर्ण चौकट शोधावी लागते. दुर्बळ संगणकावर चित्र अडखळते, त्याचे हे एक मुख्य कारण होय.

लक्षणे आणि कारणे

प्रथम व्हीएलसी ह्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडावी. बहुतेक लिप्या वाचण्याची साधने त्यात अंगभूत असतात. तेथे चित्र व आवाज नीट आले, तर चित्रण शाबूत आहे असे समजावे. त्यातीलच 'टूल्स' ह्या यादीत 'कोडेक इन्फर्मेशन' उघडल्यास आतील लिप्यांची नावे दिसतात. ती वहीत टिपून घ्यावीत आणि पुढील लक्षणांशी ताडून पाहावीत.

१. आवाज येतो, चित्र येत नाही : चित्राची लिपी सॉफ्टवेअरला अपरिचित आहे. एचईव्हीसीच्या बाबतीत हे वारंवार घडते.

२. चित्र येते, आवाज येत नाही : आवाजाची लिपी अपरिचित आहे. एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमेऱ्यांत आवाज पुष्कळदा एसी-३ ह्या लिपीत असतो.

३. दोन्ही येतात, पण चित्र अडखळते : लिपी परिचित आहे, तिच्या संक्षेपाचा भार संगणकास सोसत नाही.

४. बोलणे व ओठ हळूहळू मागेपुढे होतात : फोनने दर सेकंदास समान चौकटी घेतलेल्या नाहीत. प्रकाश कमी असता किंवा फोनवर भार पडता ही संख्या बदलते.

उपाययोजना

प्रथम कार्डावरील संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे उतरवून घ्यावे. एव्हीसीएचडी कॅमेरे दीर्घ चित्रणाचे अनेक तुकडे करतात आणि त्यांच्या जोडणीची माहिती इतर फाइलींत ठेवतात. केवळ एमटीएस फाइली उचलल्यास सांध्यावर आवाज तुटण्याचा संभव असतो. दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती झाल्यावाचून कार्ड पुसू नये.

त्यानंतर लिप्यंतर करावे. हँडब्रेक ह्या विनामूल्य साधनाने एचईव्हीसीचे एच.२६४ करता येते. तेथे चौकटींची संख्या समान ठेवण्याचा पर्याय, म्हणजे 'कॉन्स्टंट फ्रेमरेट', निवडावा. त्यामुळे चौथे लक्षणही दूर होते. मूळ चित्रण सेकंदास ३० चौकटींचे असेल, तर ३०च ठेवाव्यात. २५ केल्यास हालचाल धक्के खात चालल्यासारखी दिसते.

तिसऱ्या लक्षणावर मात्र निराळा उपाय हवा. तेथे प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे लिहिणारी डीएनएक्सएचडी किंवा प्रोरेस ह्यांसारखी लिपी घ्यावी. तिला जागा अधिक लागते. सेकंदास १२० मेगाबिट धरल्यास एका मिनिटास ९०० मेगाबाइट, आणि दहा मिनिटांच्या पाठास ९ गिगाबाइट होतात. म्हणून डिस्कवर जागा आहे की नाही हे आधी पाहावे. शॉटकट ह्या विनामूल्य संपादन-सॉफ्टवेअरमध्ये संपादनास सोयीची प्रत करून घेण्याची सोय अंगभूतच आहे.

लिप्यंतर नेहमी मूळ फाइलीवरूनच करावे. हँडब्रेकने केलेल्या प्रत्येक रूपांतरात काही तपशील गळतो. प्रतीवरून प्रत आणि तिच्यावरून पुन्हा प्रत काढल्यास चेहरे व फळ्यावरील अक्षरे पुसट होत जातात. मोडीचे बाळबोध झाले म्हणून मूळ कागद कोणी जाळीत नाही. त्याचप्रमाणे लिप्यंतर झाले तरी मूळ चित्रण टाकून देऊ नये.

पूर्वकाळजी

अडचण उद्भवण्यापूर्वीच ती टाळणे श्रेयस्कर. आयफोनमध्ये २०१७ पासून एचईव्हीसीची सोय आहे. तेथे 'सेटिंग्ज'मधील 'कॅमेरा' ह्या भागात 'फॉरमॅट्स' उघडून 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडल्यास सामान्य चित्रण एच.२६४ मध्ये होते. पुष्कळ अँड्रॉइड फोनांतही असा पर्याय असतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एका मिनिटाचे चित्रण करून ते संगणकावर घेऊन पाहावे. जे चित्रण पुन्हा करता येणार नाही, त्याबाबत ही दक्षता विशेष घ्यावी.

स्वाध्याय

१. शाळेतील तीन जुन्या चित्रणांच्या फाइली व्हीएलसीत उघडून रुमाल, चित्राची लिपी, आवाजाची लिपी आणि सेकंदास चौकटी असा तक्ता तयार करावा.

२. सेकंदास १६ मेगाबिट वेगाने केलेल्या ३५ मिनिटांच्या तासिकेस किती जागा लागेल, ते वरच्या वर्गातील मुलांकडून काढवून घ्यावे. (उत्तर : ४,२०० मेगाबाइट.)

३. 'बिघडलेली' म्हणून बाजूस ठेवलेली एखादी फाइल शाळेत असल्यास ती पुसण्यापूर्वी वरील रीतीने तपासून पाहावी, आणि काय आढळले ते केंद्रातील पुढील बैठकीत सांगावे.