गॅरेजात पाणी आले कोठून?

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की वाटेत करमाड लागते. समजा, तुमच्या घरच्यांनी उन्हाळ्यात तेथे नवे घर विकत घेतले. तेव्हा गॅरेजची फरशी कोरडी ठणठणीत होती. पण जुलैत फरशीवर पाणी दिसू लागले. कोपऱ्यातील ज्वारीच्या पोत्याला बुरशी आली. गवंडी म्हणतो, "फरशी उखडून नवा कोबा करू." थांबा! खर्च करण्यापूर्वी पाणी कोणत्या वाटेने येते ते शोधू या.

अशा वाटा मुख्यतः तीन.

पहिली वाट जमिनीवरून. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर किती? 5,000 लिटर! गच्चीचा पाईप जोत्यालगतच सोडलेला असेल, तर हे सारे पाणी तेथेच साचते. हे पाणी पाऊस चालू असतानाच आत येते.

दुसरी वाट जमिनीखालून. मराठवाड्याचा हा भाग बेसाल्ट खडकाचा. वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कठीण पाषाण. मुरमात झिरपलेले पाणी पाषाणापाशी अडते व उताराच्या दिशेने सरकते. उतार खोदून बांधलेले गॅरेज त्याच्या वाटेत आले, की तेथे पाझर फुटतो. पाऊस थांबल्यावरही तो काही दिवस चालू राहतो. शिवाय केशाकर्षणामुळे पाणी बारीक छिद्रांतून वर चढते. 0.1 मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत ते सुमारे 30 सेंटिमीटर चढते! भिंतीवर येणारा पांढरा लोणा ही त्याचीच खूण.

तिसरी वाट हवेतून. थंड पाण्याच्या पेल्याबाहेर थेंब जमतात, तसेच दमट हवेतील बाष्प थंड फरशीवर जमते. त्यासाठी पाऊस पडायलाच हवा असे नाही.

करून पाहा : फरशी पुसून कोरडी करा. तिच्यावर हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा कागद ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवसाने पाहा. कागदाच्या खाली ओल असेल तर पाणी जमिनीतून आले. वर थेंब असतील तर हवेतून. दोन्ही बाजू कोरड्या असतील, तर पुढच्या पावसात दारापाशी उभे राहून पाण्याची वाट पाहा.

आता उपाय. पाणी वरून येत असेल, तर पाईप जोत्यापासून दूर न्या आणि घराभोवती 3 मीटरमध्ये 15 सेंटिमीटर उतार द्या. खालून येत असेल, तर चढाच्या बाजूस चर खणून त्यात खडी व छिद्रांचा पाईप घाला. तो पाईप खालच्या अंगाला मोकळा सोडा. हवेतून येत असेल, तर दमट दिवशी दार बंद ठेवा, कोरडी हवा असेल तेव्हा उघडा आणि पोती फळ्यांवर ठेवा. नव्या कोब्याने पहिली आणि तिसरी वाट बंद झाली असती का? विचार करा.

आणखी एक. जुलैत नको वाटणारे हेच पाणी एप्रिलमध्ये विहिरीत हवे असते. म्हणून गच्चीचे पाणी रस्त्यावर न सोडता घरापासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस शोषखड्ड्यात मुरवावे. तुमच्या शाळेच्या गच्चीवरून एका पावसात किती लिटर पाणी वाहून जाते? मोजून पाहा.