मोठ्या मतांचं गणित

जगाच्या अर्थकारणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थांत उगवत्या देशांना किती जागा आहे, यावर छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातील अर्थशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांची पुतणी यांच्यातला हा संवाद.

पुतणी : काका, 2023च्या फेब्रुवारीत जी-20 म्हणून अख्खं शहर रंगवून काढलं होतं. त्या बैठकीत ठरलं काय?

काका : ती जी-20च्या महिला गटाची, डब्ल्यू-20ची, पहिली बैठक होती. असे गट शिफारशी करतात, निर्णय घेत नाहीत. खुद्द जी-20चं म्हणणंही कुणावर कायद्यानं बंधनकारक नसतं. 1999मध्ये तो अर्थमंत्र्यांपुरता सुरू झाला. 2008मध्ये श्रीमंतांच्या बँका गडगडल्या, चीन, भारत, ब्राझील यांच्याशिवाय भागेना, तेव्हा राष्ट्रप्रमुख तिथं बसू लागले.

पुतणी : मग निर्णय होतात कुठं?

काका : पैसा आहे तिथं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत ज्याचा कोटा, म्हणजे भांडवलातला वाटा, मोठा, त्याला मतं जास्त. अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के मतं आहेत आणि कोटा बदलायचा तर 85 टक्के लागतात. आता तूच हिशोब कर.

पुतणी : म्हणजे बाकी सगळं जग एक झालं तरी अडतं! आणि भारत?

काका : कोटा पावणेतीन टक्के. 1944मध्ये ब्रेटन वुड्सला नाणेनिधीची घडी बसली, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख भारताच्या शिष्टमंडळात होते. महाडजवळच्या नाते गावचे. एकूण 880 कोटी डॉलरच्या कोट्यात भारताला 40 कोटी मिळाले, म्हणजे साडेचार टक्के. रशिया बाहेर राहिला आणि आपण पहिल्या पाचांत आलो.

पुतणी : पारतंत्र्यात साडेचार, आता पावणेतीन?

काका : तुलना सरळ नाही. तेव्हा देश होते 44, आता 190च्या वर. आणि तो भारत अखंड होता. पण दुखणं खरं आहे. 2010मध्ये ठरलेली सुधारणा अमेरिकी काँग्रेसनं अडवून धरली. ती 2016मध्ये लागू झाली, तेव्हा कुठं भारत पुन्हा पहिल्या दहांत आला. डिसेंबर 2023मध्ये कोटे पुन्हा वाढवायचं ठरलं, तेही सगळ्यांचे सरसकट 50 टक्क्यांनी. वाटा होता तेवढाच राहिला.

पुतणी : मग स्वतःची बँकच का काढू नये?

काका : काढली की! ब्रिक्स देशांची न्यू डेव्हलपमेंट बँक 2015मध्ये शांघायला सुरू झाली. पहिले अध्यक्ष आपले के. व्ही. कामत. पाचही संस्थापकांचं भांडवल समसमान, नकाराधिकार कुणालाच नाही. मुंबई मेट्रोला तिचं कर्ज आहे. मात्र तिचाही बराचसा व्यवहार डॉलरमध्येच चालतो.

पुतणी : म्हणजे जुन्या संस्था आता बिनकामाच्या?

काका : मुळीच नाही. आपल्या जिल्ह्यातला पोकरा, म्हणजे कृषी संजीवनी प्रकल्प, घे. शेतकऱ्यानं आधी पदरचे पैसे घालून ठिबक नाहीतर शेडनेट करायचं, मग तपासणी, मग अनुदान थेट खात्यात. त्यामागं जागतिक बँकेचं 2018चं 42 कोटी डॉलरचं कर्ज होतं. शेतकऱ्याला पैसा वेळेवर हवा. बँकेत मतं कुणाची किती, हे तो कशाला विचारेल? विचारायचं ते सरकारनं.

पुतणी : पण त्या बँकेचे अध्यक्ष अजय बंगा तर आपल्याकडचेच ना?

काका : जन्म पुण्याच्या खडकीतला. पण 2023मध्ये त्यांचं नाव पुढं केलं अमेरिकेनं, तेही अमेरिकी नागरिक म्हणून. हंगामी सोडले, तर त्या खुर्चीवर आजवर दुसऱ्या देशाचा नागरिक बसलेला नाही.