विषम बाहुव्यायाम

पुढें वाचण्यापूर्वीं उभे राहून एक लहानसा प्रयोग करून पाहा. दोन्ही हात पुढून वर, वरून मागें व तेथून खालीं असे वाटोळे फिरवा. हें सहज साधतें. आतां उजवा हात तसाच फिरवीत डावा उलट दिशेनें फिरवा. दोन-तीन फेऱ्यांतच एक हात दुसऱ्याचें अनुकरण करूं लागेल. उजव्या हातावर मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्धाची व डाव्यावर उजव्या अर्धाची सत्ता चालते; परंतु हे अर्ध मज्जातंतूंच्या जाड पट्ट्यानें जोडलेले असून हातांचा कल सारखेंच काम करण्याकडे असतो. तो मोडून प्रत्येक हातास निराळें काम देणें, हाच विषम व्यायाम होय.

खांद्याचा सांधा उखळीचा आहे. पण ही उखळी फार उथळ असल्यामुळें हात सर्व दिशांस फिरतो. हात खालून डोक्यावर नेतांना सुमारें 180 अंशांची गति होते. तीपैकीं सुमारें दोन तृतीयांश उखळींत व एक तृतीयांश फऱ्याच्या हाडाच्या सरकण्यानें होते, असें इनमन, साँडर्स व ॲबट या संशोधकांनीं 1944 सालीं दाखविलें. सांध्यांतील कूर्चेस रक्तवाहिन्या नसतात. तिचें पोषण सांध्यांतील वंगणासारख्या द्रवांतून होतें, व हालचालीनेंच तो द्रव सर्वत्र खेळतो. न हलणारा सांधा आखडतो.

हें मला स्वतःच्या खांद्यानें शिकविलें. फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत माझा उजवा हात पोंचेनासा झाला होता. दोन्ही हात एकदम वर करतांना मी पाठ मागें वांकवून ती उणीव लपवीत असें. डॉक्टरांच्या सल्ल्यानें प्रत्येक हातास निराळें काम देऊं लागलों, तेव्हां फरक लपेना. आणि कित्येक महिन्यांनीं हात पुन्हां त्या ओळीस लागला.

व्यायाम तीन आहेत.

पहिला : उजवा हात पुढून कानाजवळ वर न्यावा, त्याच वेळीं डावा खालीं व किंचित् मागें न्यावा. मग अदलाबदल. दहा वेळां.

दुसरा : वरील प्रयोगांतील उलटसुलट फेरे. आधीं लहान, मग मोठे. पांच फेऱ्यांनंतर दिशा बदलावी.

तिसरा : एक हात खांद्यावरून व दुसरा कमरेकडून पाठीवर नेऊन बोटांस बोटें भिडवावीं. न भिडल्यास मध्यें पंचा धरावा. गोमुखासनांत हातांची ठेवण अशीच असते.

नित्य, सावकाश व पूर्ण कक्षेंत हालचाल केल्यानेंच सांधा मोकळा होतो. विषमतेनें वेग आवरतो, लक्ष जागृत राहतें व कोणता हात मागें आहे तें कळतें. ताण जाणवला तर हरकत नाहीं. कळ आल्यास मात्र थांबावें. खांदा पूर्वीं निखळला असेल त्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून आरंभ करूं नये.

पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत मंडळीस शरीराची उपमा दिली आहे. व्यायामांत तिचा अर्थ मला नव्यानें उमगला. आखडलेल्या हातास ओढून नेतां येत नाहीं. सबळ हातानेंच त्याच्यासाठीं आपला वेग कमी करावा लागतो. वर्गांत मागें पडलेल्या सोबत्याशींही आपण असेंच वागावें.