मूळ फोटोला हात लावू नकोस, सोनू

सोनू, मुंजीचे फोटो तू उजळवतोयस असं ताईकडून कळलं. तुझा हात चपळ आहे, थोडा जास्तच. स्टुडिओत मी ज्या चुका केल्या त्या तुझ्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून हे लिहून पाठवते.

१. कार्डावरून उतरवलेल्या फोटोंची एक प्रत वेगळी ठेव आणि दुसरीवर काम कर — विरजण संपवणाऱ्या घरात उद्याचं दही लागत नाही.

२. उजेड वाढवायला 'इमेज' मेनूकडे धावू नकोस, ॲडजस्टमेंट लेअर घे — मेनूतला बदल थेट पिक्सेलवर बसतो, लेअर मात्र कधीही बदलता येतो, काढता येतो. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९६ पासून आहे, पण मी घाईत मेनूच वापरायचे. एका नवरीचा मोतिया शालू, त्यावर बारीक जरीच्या बुट्ट्या. फोटो अंधारा वाटला म्हणून ब्राइटनेस ओढला आणि त्याच नावाने सेव्ह केला. वर्षभराने तिच्या आईला भिंतीसाठी मोठा प्रिंट हवा होता, आणि पदरावर बुट्ट्यांच्या जागी नुसता पांढरा डाग होता. त्या माउलीचा चेहरा मी अजून विसरले नाही.

३. पांढऱ्याला फार जप — जेपीईजीत प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. वेगवेगळ्या छटा २५५वर जाऊन एक झाल्या, की सेव्ह केल्यावर उजेड कितीही उतरव, करडा डाग मिळेल, बुट्टी नाही.

४. लेव्हल्समधला पांढरा स्लायडर ओढताना ऑल्ट दाबून धर — पडदा काळा होतो आणि तपशील जिथे जातोय तेवढीच जागा चमकते.

५. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टमध्ये 'यूज लेगसी'वरची खूण काढ — त्या जुन्या पद्धतीत सगळ्या छटा सरसकट सरकतात.

६. कर्व्ह्जने कॉन्ट्रास्ट वाढवून चेहरे लालबुंद झाले, तर त्या लेअरचा मोड 'ल्युमिनॉसिटी' कर — मग उजेड बदलतो, रंग जागेवर राहतो.

७. चेहरा अंधारात आणि सोवळं मात्र लख्ख असेल, तर मास्कवर मऊ काळ्या ब्रशने सोवळ्यापुरता बदल झाक — काळा झाकतो, पांढरा उघडतो. हात चुकला तर 'एक्स' दाबून रंग पालट.

८. रात्री दिवा मालवून, स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून बसू नकोस — तसे केलेले फोटो छापल्यावर काळवंडतात. सकाळी पुन्हा बघ. बहुतेक वेळा लेअरची ओपॅसिटी थोडी उतरवावीशी वाटते.

९. कामाची फाइल पीएसडीत ठेव, द्यायला जेपीईजी वेगळी काढ — जेपीईजीत लेअर राहत नाहीत. आणि लेअरना 'चेहरा', 'मांडव' अशी नावं दे. सहा महिन्यांनी 'कर्व्ह्ज ४' कशासाठी होता ते तुलाही आठवणार नाही.

मुंजीची मूळ प्रत ठेवलीयस ना? नसेल, तर कार्ड अजून फॉरमॅट करू नकोस.