‘श्यामची आई’ वाच, खुशाल वाच

अगं, ‘श्यामची आई’चं एकेक प्रकरण वाचून यूट्यूबवर टाकायचं तुझ्या मनात आहे ना? मग टाक. आतल्या पानावर ‘सर्व हक्क सुरक्षित’ छापलंय म्हणून हात आखडता घेऊ नकोस. ती ओळ छापली म्हणून हक्काची मुदत वाढत नाही.

आपल्याकडचा हिशेब सरळ आहे. लेखक ज्या वर्षी गेला, त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. ‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी १९५० साली गेले. २०१० संपलं आणि त्यांचं लेखन सगळ्यांचं झालं. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणून त्यांचा चिमणराव २०२४पासून मोकळा. पण कुसुमाग्रज गेले १९९९ साली. त्यांच्या कविता व्हॉट्सॲपवर कितीही फिरत असल्या, तरी २०५९ संपेपर्यंत परवानगी हवीच.

खरी मेख पुढे आहे. बहिणाबाई गेल्या १९५१ साली, पण त्यांच्या गाण्यांचा संग्रह निघाला १९५२ साली. लेखकामागे प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात, म्हणून पहिल्या आवृत्तीतली गाणी २०१३पासून खुली झाली. त्याच पुस्तकाला अत्र्यांची प्रस्तावना आहे, आणि अत्रे गेले १९६९ साली. म्हणजे गाणी टाकलीस तर चालेल, प्रस्तावनेला २०२९ संपेपर्यंत हात लावायचा नाही. एकाच पुस्तकात दोन मालक असतात, बघ! म्हणून अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ टाकण्याआधी टीपा, चित्रं, अनुवाद कुणाचे ते तपास. ज्ञानेश्वरीच्या ओव्या कुणाच्याही मालकीच्या नाहीत, पण खाली दिलेला अर्थ आजच्या अभ्यासकाचा असू शकतो. आणि दुसऱ्याचं रेकॉर्डिंग उचलू नकोस. त्याचा हक्क वेगळा असतो. स्वतःच्या आवाजात वाच.

एवढं करूनही यूट्यूबने आपोआप दावा लावलाच, तर घाबरून व्हिडिओ काढून टाकू नकोस. लेखकाच्या मृत्यूचं साल आणि कुठल्या आवृत्तीतून वाचलंस ते लिहून रीतसर हरकत घे. भिऊन गप्प बसणाऱ्या माणसांमुळेच कितीतरी जुनी पुस्तकं कपाटात कसर लागून संपतात, याचं मला फार वाईट वाटतं. मुदत असेपर्यंत लेखकाचा हक्क पाळायचा आणि ती संपली की त्याचं लिहिलेलं पुढच्यांच्या हाती द्यायचं, ही दोन्ही कामं आपलीच.

आणि व्हिडिओखाली साने गुरुजींचं नाव ठळक लिही. हक्काची मुदत संपते, लेखकाचं श्रेय संपत नाही.