पूर्ण दराचा पास

२००९ चा सप्टेंबर. गणपती नुकतेच गेले होते. आईने माझी पँट भिजत घालायला घेतली आणि खिशातून रेल्वेचा पास निघाला, ठाणे ते वाशी, महिन्याचा. तिने तो पुसून टीव्हीवर ठेवला. संध्याकाळी बाबांच्या हाती लागला. भांडुपच्या कारखान्यात बावीस वर्षं लोकलने गेलेला माणूस. पास त्यांना एका नजरेत वाचता येतो.

"यावर सवलत नाही रे. पूर्ण पैसे भरलेस? कॉलेजने फॉर्म दिला नाही का?"

कॉलेजने फॉर्म दिला नव्हता, कारण त्या वर्षी कॉलेजच्या पटावर माझं नावच नव्हतं. दीड महिना मी रोज सकाळी सव्वासातला डबा घेऊन निघत होतो. माजिवडा नाक्यावर टीएमटीची बस, ठाण्याला दहा नंबर फलाट, मग ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. वाशीला बाकावर बसून डबा खायचा आणि चारच्या गाडीने परत फिरायचं. पावसात स्टेशनबाहेरही पडता येत नसे. कधी ठाण्यातच राहून मराठी ग्रंथसंग्रहालयात पेपर चाळत बसायचो. ती संस्था १८९३ पासूनची. किती पिढ्या तिथे शिकायला येऊन बसल्या असतील, आणि मी तिथे घड्याळाकडे बघत बसलेलो.

हे लिहायचं कारण, आज माजिवड्यात, बाळकुममध्ये, ढोकाळीत अशी मुलं आहेत. मला ती दरवर्षी भेटतात.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. दहावीला शाळेत पहिला. घरात कॉलेजात जाणारा पहिला, आणि चाळीतला पहिला इंजिनीअर होणार म्हणून २००७ मध्ये प्रवेश झाला तेव्हा आईने शेजारपाजारी पेढे वाटले होते. तेव्हा इथे विवियाना मॉल नव्हता, मेट्रोचे खांब नव्हते. नाक्यावर उतरलं की चाळीपर्यंत सगळे ओळखीचे, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "काय इंजिनीअर, कसं चाललंय?" पहिल्या वर्षी एक विषय राहिला, गणित-दोन, ज्याला सगळे एम-टू म्हणतात. शंभरपैकी एकतीस. पास व्हायला चाळीस लागायचे. घरी सांगितलं, "निकाल लागला, दुसऱ्या वर्षाला गेलो." यात खोटं काही नव्हतं. मी दुसऱ्या वर्षाला गेलोच होतो, एटीकेटी घेऊन.

एटीकेटी म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स', विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसायची मुभा. विषय डोक्यावर तसाच राहतो आणि वर्ष मात्र पुढे सरकतं, म्हणून मुलांना सगळं ठीक चालल्यासारखं वाटतं. त्याची दुसरी बाजू मी वाचलीच नव्हती. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय आमच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. डिसेंबरला पुन्हा बसलो, अठ्ठावीस. पुढच्या उन्हाळ्यात छत्तीस. दुसऱ्या वर्षाचे सगळे पेपर सुटलेले आणि त्या चार गुणांपायी अख्खं वर्ष घरी बसायची वेळ आली. ऑफिसच्या खिडकीतून हे कळलं तेव्हा माझ्या खात्यात तिसऱ्या वर्षाच्या फीचे साठ हजार होते. बाबांनी कारखान्याच्या पतसंस्थेतून कर्ज काढलेले.

ते पैसे मी त्याच संध्याकाळी परत करायला हवे होते. मी म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, गणपतीनंतर सांगू. तोवर त्यातूनच पास काढला, त्यातूनच वडापाव खाल्ला. बाबांनी विचारलं त्या दिवशी त्यातले चार हजार सातशे संपले होते. हा आकडा मी कधी विसरणार नाही.

मी सगळं सांगितलं. आई मोरीच्या दाराशी उभी होती, हातांना साबण तसाच. बाबा बराच वेळ पास हातात उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "किती विषय राहिलेत?"

"एक."

"एकच? मला वाटलं, तू शिकणं सोडलंस."

दीड महिना मी त्यांच्या रागाला भीत होतो. आणि ते मनात काहीतरी त्याहून वाईट धरून बसले होते. डबा अर्धा परत येतोय, मुलगा बोलत नाही, रात्री जागा असतो, हे त्यांनी केव्हाच पाहिलं होतं. मुलांनो, घरच्यांना काहीच कळत नाही असं समजू नका. त्यांना अर्धं कळतं, आणि उरलेलं अर्धं ते आपल्या भीतीने भरून काढतात.

दुसऱ्या दिवशी बाबा मला चाळीमागे राहणाऱ्या एका निवृत्त गणित शिक्षकांकडे घेऊन गेले. सरांनी धीर दिला नाही की ओरडले नाहीत. जुनी प्रश्नपत्रिका पुढे ठेवली, "सोडव," म्हणाले आणि शेजारी बसून राहिले. दुहेरी इंटिग्रलमध्ये क्रम बदलायचं गणित होतं. मी थेट सूत्राला भिडलो, मर्यादा चुकल्या, खोडलं, पुन्हा लिहिलं, वीस मिनिटं गेली. सरांनी पेन्सिल हातात दिली. "आकृती कुठंय? क्षेत्र कोणतं ते बघितल्याशिवाय मर्यादा लिहितोस कसा?" मी दोन वक्र काढले, मधला भाग रेघांनी भरला. "आता ही उभी पट्टी आडवी कर." आडवी केली आणि मर्यादा समोर दिसल्या. तीनदा नापास झालो ते या पेन्सिलीपायी. वर्गात हे विचारायला हवं होतं, पण इंग्रजीत प्रश्न कसा मांडायचा या धास्तीने दोन वर्षं हात वर केला नाही. अडलेला प्रश्न मराठीत विचारला तर कोणताही चांगला शिक्षक उत्तर देतो, हे मला उशिरा कळलं.

सर एकदा अण्णासाहेब कर्व्यांविषयी बोलले. कर्वे परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. पुढे तेच फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. ती हुकलेली परीक्षा त्यांनी आत्मवृत्तात स्वतः लिहून ठेवली आहे. ते लिहिलं नसतं तर आपल्याला कळलंही नसतं, एवढंच सर म्हणाले.

डिसेंबरमध्ये मला अठ्ठावन्न मिळाले. २०१० मध्ये तिसऱ्या वर्षाला गेलो, २०१२ ला पदवी मिळाली. नोकरीच्या मुलाखतीत मधल्या वर्षाबद्दल विचारलं, तेव्हा विषय कोणता राहिला होता आणि तो कसा सोडवला हे सांगितलं. पुढचा प्रश्न आला नाही. अनेक कंपन्या पाहतात ते न सुटलेला विषय अजून आहे का. सुटलेल्या विषयाचं ओझं त्यांच्यापेक्षा आपणच जास्त वाहतो.

म्हणून विषय राहिला तर माझं ऐका. निकाल लागला त्याच दिवशी आपल्या अभ्यासक्रमाचा एटीकेटीचा नियम स्वतः वाचा, मित्राच्या तोंडून ऐकू नका. कोणत्या वर्षाच्या दारात अडवतील ते आधी ठाऊक असू द्या. मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागा. ती पाहायला नको वाटते, पण आपण कुठे चुकतो ते तिच्यातच लिहिलेलं असतं. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती असेल तर खंड पडल्यावर नूतनीकरण होतं का, ते कॉलेजच्या ऑफिसात विचारा. फीचे पैसे हातात आले असतील तर ते आधी घरी परत द्या. पैसे जवळ राहिले की खोटं रोज थोडं थोडं वाढतं. आणि एका माणसाला आठवड्याच्या आत सांगा. आईला सांगणं जड जात असेल तर मामाला, ताईला, शाळेतल्या बाईंना. सांगताना निकालपत्र आणि पुढच्या परीक्षेची तारीख दोन्ही पुढे ठेवा, म्हणजे बोलणं रडण्यावरच थांबत नाही. रात्री मनात वाईट विचार यायला लागले तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानसची ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

मुलींचं याहून कठीण असतं, हे मी इथे पाहिलंय. मुलाचा विषय राहिला तर त्याला क्लास लावतात, मुलीचा राहिला तर स्थळं बघायला लागतात. त्या भीतीने मुली जास्त लपवतात. अशा घरांत मी जातो तेव्हा फीचं कारण पुढे केलं जातं, म्हणून हे सांगतो. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींचं, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. आणि मुलगा असो की मुलगी, अभियांत्रिकी झेपतच नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, काम करत पदवी घेता येते. वाट बदलणं हा पराभव नाही, फक्त ती घरच्यांना सांगून बदला.

परवा बाळकुमच्या एका मुलाचा रात्री अकराला फोन आला. "दादा, आज घरी सांगायचंय. तुम्ही याल का?" मी चप्पल घालून निघालो. त्याच्या आईने चहा टाकला. वडील नुकतेच कामावरून आलेले, अजून शर्टही बदललेला नव्हता. मुलाने दप्तरातून घडी घातलेलं निकालपत्र काढलं, चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, दोन विषय राहिलेत."