ट्रॅक्टरच्या इंजिनांतील नळ्या व तारा : घर्षण आणि उष्णता यांपासून त्यांचें संरक्षण

बैलाच्या खांद्यावरून रोज हात फिरवून जोखड कोठें घासतें तें पाहण्याची जाणत्या शेतकऱ्याची रीत आहे. आज जेथें केस गेले तेथें उद्यां कातडें सोलणार आणि परवां आऊत बंद पडणार, हें त्यास ठाऊक असतें. ट्रॅक्टरविषयीं मात्र हीच दृष्टि क्वचितच आढळते. तेल बदलणें, फिल्टर साफ करणें यांकडे लक्ष जातें. पण बॉनेटखालील रबरी नळ्या व विजेच्या तारा यांकडे त्या तुटेपर्यंत कोणी पाहत नाहीं. प्रस्तुत लेखांत या विषयाचा थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

घर्षणाचें कारण. तीन सिलिंडरांचें चार स्ट्रोकचें इंजिन मिनिटास २००० फेरे घेत असेल, तर त्यांत मिनिटास ३००० स्फोट होतात. आठ तासांच्या कामांत ही संख्या १४ लक्ष ४० हजार भरते. या हादऱ्यांनीं प्रत्येक नळी व तार सतत हालत राहते. ती पत्र्याच्या कडेस अथवा बोल्टच्या डोक्यास टेकलेली असल्यास तेथें अखंड घासली जाते. त्यांत धूळ आणि तेल यांचा लेप बसला म्हणजे तो कानशीचें काम करितो. तेलाच्या दाबाच्या नळ्यांस आणखी एक कारण लागू पडतें. दाब येतांच अशी नळी किंचित् आखडते किंवा लांबते. एक मीटर नळी सुमारें ४ सेंटिमीटरपर्यंत आखडूं शकते. म्हणून ती ताणून बसवूं नये. थोडा झोल ठेवावा.

उष्णतेचा परिणाम. हायड्रॉलिकच्या साधारण रबरी नळ्या सुमारें १०० अंश सेंटिग्रेडपर्यंतच्या तेलासाठीं केलेल्या असतात. उलटपक्षीं, भर कामांत इंजिनांतून बाहेर पडणारा धूर ५०० अंशांच्या आसपास तापलेला असूं शकतो. स्थूलमानानें असें धरतात कीं, उष्णता दर १० अंशांनीं वाढली असतां रबराचें आयुष्य निम्मे होतें. असें रबर प्रथम कडक होतें, मग त्यास बारीक तडे जातात. तारेवरील प्लॅस्टिकचें वेष्टनही उष्णतेनें मऊ पडून दबतें व आंतील तांबें उघडें होतें.

धोका कोठें अधिक आहे ? पुढील तीन ठिकाणें विशेष जपावयास पाहिजेत.

(१) बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत जाणारी जाड केबल. पुष्कळ ट्रॅक्टरांत या केबलीस फ्यूज नसतो. तिचें वेष्टन झिजून ती लोखंडास टेकली, तर शेंकडों अँपिअरचा प्रवाह एकदम वाहूं लागतो आणि केबल क्षणांत तापून लाल होते. इंजिन बंद असतांही हें घडूं शकतें.

(२) डिझेलच्या नळ्या. डिझेलची वाफ पुरेशा तापलेल्या धातूवर ठिणगी नसतांही पेट घेते. झिरपणारी नळी सायलेन्सरच्या वरच्या बाजूस असेल आणि खालीं उंसाचें पाचट किंवा गव्हाचा भुसा अडकलेला असेल, तर आगीस दुसरें कांहींच लागत नाहीं. अशा आगींत यंत्र तर जातेंच, पण उभें पीकही जातें.

(३) हायड्रॉलिकच्या नळ्या. यांत दर चौरस सेंटिमीटरास १५० ते २०० किलोपर्यंत दाब असतो. सुईच्या टोंकाएवढ्या छिद्रांतून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आंत शिरते. जखम टांचणी टोंचल्यासारखी दिसते व प्रथम फारशी दुखतही नाहीं. परंतु काहीं तासांत आंतील मांस कुजूं लागून बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. यासाठीं गळती हातानें कधींही चांचपूं नये. पुठ्ठ्याचा तुकडा दूर धरून पाहावी. धार लागल्यास घरगुती उपाय न करितां त्वरित रुग्णालय गांठावें व तेल आंत शिरल्याचें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

उपाय. पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वाट बदलणें. नळी किंवा तार सायलेन्सरच्या व एक्झॉस्टच्या नळापासून निदान चार बोटें दूर न्यावी, आणि पंख्याच्या पात्यांजवळून नेऊं नये. दुसरा उपाय पक्की बांधणी. हातभर अंतराच्या आंत रबराचें अस्तर असलेली क्लिप लावावी. पत्र्याच्या भोंकांतून तार जात असल्यास तेथें रबरी बुश अवश्य असावा. तिसरा उपाय वेष्टन. घासणाऱ्या जागीं नायलॉनचें विणलेलें आवरण किंवा प्लॅस्टिकची चिरलेली नळी चढवावी. उष्ण जागीं ॲल्युमिनियमचा मुलामा असलेलें कांचतंतूंचें आवरण वापरावें. अंतर वाढवितां येत नसेल तर मध्यें चकचकीत पत्र्याचा आडोसा करावा. मात्र पत्रा व नळी यांमध्यें हवा खेळूं द्यावी. पूर्वी अशा कामीं ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळीत. तिच्या धुळीनें फुफ्फुसाचे असाध्य रोग होतात, म्हणून ती वर्ज्य समजावी.

आपल्याकडे दोन चुका सर्रास होतात. एक, नळी बांधणीच्या तारेनें आवळणें. ती तारच करवतीसारखी नळी कापते. दुसरी, सायकलची जुनी ट्यूब गुंडाळणें. हें रबर तेलानें फुगून मऊ होतें आणि आंतील झीज दृष्टीआड करितें. ज्या नळीच्या आंतील तारेची जाळी दिसूं लागली, ती गुंडाळून वाचत नाहीं. ती बदललीच पाहिजे.

तपासणीचा क्रम. आठवड्यांतून एकदां, इंजिन थंड असतां, पुढील क्रम पाळावा. हायड्रॉलिकचें अवजार जमिनीवर टेकवून दाब सोडावा. बॅटरीची अर्थची केबल प्रथम काढावी व शेवटीं जोडावी. पाचट, भुसा व उंदरांचीं घरटीं काढून टाकावीं. उंदीर तारांचें वेष्टन कुरतडतात हें ध्यानांत ठेवावें. मग प्रत्येक नळी व तार एका टोंकापासून दुसऱ्यापर्यंत पाहावी. चकाकणारा डाग हें घर्षणाचें, कडक व तडकलेलें रबर हें उष्णतेचें आणि धूळ चिकटलेली ओल हें गळतीचें चिन्ह होय. जेथें चिन्ह दिसेल तेथें त्याच दिवशीं उपाय करावा.

या कामास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं व खर्चही किरकोळ येतो. पेरणीची वापसा साधली असतां ट्रॅक्टर बंद पडल्यानें होणारें नुकसान त्याच्या कित्येक पट असतें. ज्यांच्या घरीं ट्रॅक्टर चालकाच्या हातीं असतो, त्यांनीं ही तपासणी एकदां स्वतः करून पाहावी आणि मग चालकाकडून नियमानें करून घ्यावी, अशी आमची विनंति आहे.